घंटागाडी घेण्याआधी हिवरे बाजारला जाऊन या

कचऱ्याच्या गाड्यांचं मार्केट सध्या जोरात आहे. शहरं गाड्या घेताहेत, आता गावंही घ्यायला लागलीत. पण गाडी दारात येणं आणि कचरा उचलला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेकॅनिकलवाल्यांनी, कॉमर्सवाल्यांनी आणि पुढेमागे सरपंच व्हायचं डोक्यात असलेल्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहायलाच हवा.

सकाळी साडेसातला गल्लीच्या तोंडाशी ते गाणं वाजायला लागतं. आतून आई ओरडते, ‘‘अरे ऊठ, गाडी आली, डबा नेऊन दे!’’ आपण अर्धवट झोपेत, एका पायात एकाची आणि दुसऱ्या पायात दुसऱ्याची चप्पल घालून पळतो. ओला इकडे, सुका तिकडे. गाडी पुढे सरकते. आपण परत अंथरुणात.

त्या गाडीकडे कधी नीट पाहिलंय?

खाली ‘छोटा हत्ती’ची चासी. वर पत्र्याचा हॉपर, मधोमध पार्टिशन. मागे हायड्रॉलिक सिलिंडर, म्हणजे बटण दाबलं की हॉपर उचलून सगळा माल मोठ्या गाडीत ओतता येतो. टपावर भोंगा, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी जीपीएस. काही शहरांत घराच्या भिंतीवर एक छोटा टॅग लावलेला असतो, तो स्कॅन केला की ‘या घरचा कचरा घेतला’ अशी नोंद पडते. चासी बड्या कंपनीची असते. पण वरचं जे सगळं, म्हणजे हॉपर, झाकणं, पंप, होज पाइप, कचऱ्याचं काळं पाणी साठवायची टाकी, ते बहुतेक वेळा कुठल्यातरी फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये तयार होतं. वेल्डर, फिटर, डिप्लोमा झालेला सुपरवायझर आणि टेंडरची कागदपत्रं सांभाळणारा एक बी.कॉम. असा तो संसार.

आणि हा धंदा छोटा नाही. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. २०१६ मध्ये घनकचऱ्याचे नवे नियम आले आणि दारोदारचा, वेगवेगळा केलेला कचरा गोळा करणं शहरांना बंधनकारक झालं. त्याच वर्षी स्वच्छ सर्वेक्षणही सुरू झालं. मग कोण कितवं, कुणाला किती स्टार, याची चढाओढ. ज्या गाडीला ओल्या-सुक्याचे कप्पे नाहीत ती गाडी मार्क घालवते, म्हटल्यावर गाड्या बदलल्या गेल्या. २०२१ मध्ये शहरी अभियानाचा दुसरा टप्पा जाहीर झाला, त्याचा एकूण आराखडा १,४१,६०० कोटी रुपयांचा. ग्रामीण अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याचा आकडाही जवळपास तेवढाच, १,४०,८८१ कोटी. हे सगळे पैसे गाड्यांचे नाहीत, उघड आहे. पण त्यातला छोटासा वाटाही वर्कशॉपवाल्यांसाठी भरपूर असतो.

आता मार्केटवाल्यांची नजर कुठे आहे? गावांकडे. महाराष्ट्रात महापालिका २९, नगरपालिका-नगरपंचायती धरल्या तरी शहरं चारशेच्या आसपास. ग्रामपंचायती मात्र जवळपास २८ हजार. एकेका गावाला एकेक गाडी म्हटलं तरी आकडा ऐकून विक्रेत्याला झोप लागणार नाही.

गोम नेमकी इथेच आहे.

उभी गाडी

माझ्या पाहण्यातलं एक गाव आहे, नाव कशाला घेऊ. ग्रामपंचायतीने गाडी घेतली. नारळ फुटला, हार घातला, गाडीसोबत फोटो काढून स्टेटसला टाकले. पहिले दोन महिने गाडी फिरली. मग ड्रायव्हरचा पगार थकला, तो दुसरीकडे लागला. मग बॅटरी उतरली. आज ती गाडी कार्यालयामागे लिंबाखाली उभी आहे, टायर बसलेत, हॉपरमध्ये पावसाचं पाणी आणि कुणाची तरी दोन पिल्लं. गाडीच्या पाठीवर स्वच्छतेचा संदेश अजून छान वाचता येतो.

तुमच्याही गावाकडे अशी एखादी असेल. या गाड्यांना मागणी होती का? कागदावर होती. पैसा आला होता, तो मुदतीत खर्च व्हायला हवा होता. मागणी पैशाची होती, गाडीची नव्हती. गावाला नक्की किती कचरा उचलायचाय, किती लांब न्यायचाय आणि तो ओतायचा कुठे, हे कुणी मोजलंच नव्हतं.

म्हणून हिवरे बाजार.

नगरपासून (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण सवय जात नाही) सतरा-अठरा किलोमीटरवरचं हे गाव. नाव घेतलं की पाणी आठवतं, कचरा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर खचत गेलेलं, माणसं कामाला बाहेर, गावात दारू आणि भांडणं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण, म्हणजे वयाने तुमच्याआमच्यापेक्षा फार मोठा नाही. पुढे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उघड्यावर जायला बंदी. डोंगरावर चर खणले, बंधारे घातले. नव्वदीच्या दशकात गावात दिवसाला जेमतेम दीडशे लिटर दूध व्हायचं, ते काही हजार लिटरवर गेलं. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये वाचलं असेल.

पण नोट्समध्ये एका ओळीत उरकली जाणारी एक गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. पाण्याचा ताळेबंद. गावात पर्जन्यमापक आहेत. पाऊस किती पडला ते मोजतात, विहिरींची पातळी मोजतात. त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढतात. उरलेल्यात कोणतं पीक बसतं ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी तर पीक कमी पाण्याचं. ऊस, केळी नकोच.

म्हणजे काय, तर आधी मोजमाप, मग निर्णय, मग खर्च. कचऱ्याच्या गाडीबाबत आपण बरोब्बर उलटं करतो. आधी खर्च, मग फोटो, मग कधीतरी विचार.

मोजून तर पाहू

चला, हिवरे बाजारएवढं एक गाव घेऊ. लोकसंख्या साडेबाराशे, घरं अडीचशे. तीच सूत्रं, फक्त पाण्याच्या जागी कचरा. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही टाका.

माणशी रोज २०० ग्रॅम कचरा धरला तर गावाचा झाला २५० किलो. आकडा ऐकून गाडी हवीच वाटते ना? थांबा. यातला निम्म्याहून जास्त ओला. भाजीची देठं, सालं, शिळं अन्न. खेड्यात यातलं बरंचसं गाडीपर्यंत येतच नाही. म्हैस खाते, कोंबड्या खातात, उरलेलं उकिरड्यात जातं आणि पुढे शेतात. गोबरगॅस असेल तर त्यातही थोडं जिरतं. ज्या गावात दूधधंदा आहे त्या गावात ओला कचरा ही समस्या नसते, तो चारा आणि खत असतो. त्याला गाडीत भरून गावाबाहेर नेणं म्हणजे डिझेल जाळून आपलंच खत फेकणं.

मग झाडलोटीची माती, राख. तीही अंगणातच मुरते.

उरतो खरा त्रासदायक माल. वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, डायपर, सॅनिटरी पॅड, फुटक्या काचा. शिवाय शेतातून येणारा वेगळाच कचरा, जो शहरी माणसाच्या डोळ्यांसमोर कधी येत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या, फाटका मल्चिंग पेपर, खताच्या गोण्या, कीटकनाशकांच्या बाटल्या. आणि आदर्श गाव असेल तर पाहायला येणाऱ्या बसभर पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या, त्या वेगळ्याच!

हा सुका माल माणशी रोज ५० ग्रॅम धरू. गावाचा झाला साठेक किलो. वजन काहीच नाही. पण प्लास्टिक फुगलेलं असतं, जागा खातं. साठ किलो सुट्या सुक्या कचऱ्याला साधारण एक घनमीटर जागा लागते. आठवड्याचे झाले सात घनमीटर.

आता गाडी निवडू. छोट्या टिपरचा हॉपर साधारण दोन घनमीटरचा. रोज फिरवला तर रोज अर्धा रिकामा. किंमत सहा-सात लाखांच्या पुढे. ड्रायव्हर आणि मदतनीस मिळून महिन्याचे २० हजार धरा, म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार. डिझेल, विमा, टायर, सर्व्हिसिंगचे वर्षाला ६० हजार. झाले तीन लाख. गावाकडून घरटी महिन्याला ३० रुपये घेतले आणि अगदी सगळ्यांनी दिले (दिले तर!), तरी वर्षाचे येतात ९० हजार. बाकीचे दोन लाख दहा हजार कुठून आणणार? गाडी लिंबाखाली का जाते ते समजलं?

आता गावातली दुसरी गाडी पाहा. ती आधीपासूनच आहे आणि कुणीच तिला कचऱ्याची गाडी समजत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, फळ्या दोन फुटांच्या. १२० घनफूट, म्हणजे साधारण ३.४ घनमीटर. कडेने अजून दोन फूट जाळी वाढवली की जागा दुप्पट, जवळजवळ सात घनमीटर. म्हणजे आठवड्याचा गावाचा सगळा सुका कचरा एका फेरीत! वजन चारशे-सव्वाचारशे किलो, ट्रॅक्टरला कळणारही नाही. भाडं आणि दोघांची मजुरी धरून फेरीला दीड हजार दिले तर वर्षाचे ७८ हजार. घरपट्टीसोबतच्या त्या नव्वद हजारांत बसलं, वर थोडे उरले.

हवंय काय, तर ट्रॉलीवर बसणारा, काढता-घालता येणारा जाळीचा पिंजरा. आत तीन-चार कप्पे. काच वेगळी, डायपर-पॅड वेगळे, औषधाच्या बाटल्या वेगळ्या. वर ताडपत्री, नाहीतर पाकिटं वाऱ्याने परत गावात. शनिवारी लावला, रविवारी काढून ठेवला, सोमवारी त्याच ट्रॉलीत शेणखत. नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरला चित्र काढून दाखवा, तो पाइप आणि वेल्डमेश मोजायला लागेल.

गावांकडची खरी मागणी अशा वस्तूंची आहे. पण ती कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडत नाही, कारण ती गाडी नाही. ती गाडीला लावायची जोड आहे, तिचा फोटो काही खास येत नाही.

साठ रुपयांचा प्रश्न

सरकारी पैशांचं गणितही इकडेच बोट दाखवतं. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी दरडोई ६० रुपये धरलेत, सांडपाण्यासाठी २८० रुपये. आपल्या साडेबाराशेच्या गावाचे घनकचऱ्याचे झाले ७५ हजार. यात खत खड्डे, कचरा वेगळा करायची शेड आणि गाडी, सगळं बसवायचं. म्हणजे पायडलची तीनचाकी बसते, ई-रिक्षाही बसत नाही. मोठ्या गाड्या येतात त्या बहुतेक वित्त आयोगाच्या ‘बंधित’ निधीतून. पंधराव्या आयोगाने २०२१ पासून ग्रामपंचायतींच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवले, निम्मे यासाठी, निम्मे त्यासाठी. म्हणून तर विक्रेते ग्रामपंचायतींच्या दारात माहितीपत्रकं घेऊन उभे असतात. पण हा पैसाही गाडी एकदा घेऊन देतो. त्यातून दर महिन्याचा पगार काढायचा तर बाकीची कामं थांबतात.

एक रस्ता या योजनेतच लिहिलेला आहे आणि त्याकडे कमी लक्ष जातं. तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र, त्यासाठी १६ लाखांपर्यंत मदत. म्हणजे गावाने सुका माल गोळा करायचा, दाबून गठ्ठे बांधायचे आणि तालुक्याला पोचवायचे. इथे पाच-सहा गावांत मिळून एक टिपर परवडतो. सोमवारी हे गाव, मंगळवारी ते गाव. रोज भरलेला, रोज चालणारा. आणि प्रत्येक गावात हवा हाताने चालवायचा गठ्ठे बांधायचा प्रेस, ताणकाटा, जाड हातमोजे. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ग्रामपंचायतींनाही जबाबदार धरलंय, तेव्हा ‘आमचं खेडं आहे’ म्हणून सुटका नाहीच.

शहरातलं चकाचक यंत्र

शहरात मोजमाप होतं का? टेंडर जाडजूड असतं, म्हणजे मोजमाप झालं असेल असं आपण समजतो. कॉम्पॅक्टरचं उदाहरण घ्या. कचरा दाबून आकार कमी करणारी ती मोठी गाडी. ही कल्पना तिकडची, जिथे कचऱ्यात खोकी आणि पॅकिंग जास्त. तो कचरा हलका, फुगलेला, दाबला की बसतो. आपला कचरा ओला आणि आधीच जड, घनमीटरला साधारण चारशे-पाचशे किलो. त्याला दाबलं की आकार फारसा कमी होत नाही, रस मात्र गळतो. ते काळं पाणी रस्त्यावर सांडतं, आंबट असतं, पत्रा खातं. हॉपरचा तळ सडतो, सिलिंडरचे सील जातात. म्हणून शहरांत नव्या गाडीइतकीच मागणी दुरुस्तीला असते. तळाला कोणता पत्रा, किती जाडीचा, पाण्याची टाकी साफ करता येते का, हे प्रश्न पोस्टरवरच्या ‘स्मार्ट’ या शब्दापेक्षा महत्त्वाचे आहेत. सुका कचरा नेणाऱ्या गाडीत दाबयंत्र लावलं तर ठीक, तिथे ते खरंच कामाचं. पण त्यासाठी आधी घरात कचरा वेगळा व्हावा लागतो. पुन्हा आलो आपण त्या डब्यापाशी.

आणखी एक गोष्ट, जी स्पेसिफिकेशनमध्ये क्वचित दिसते. हॉपरची कडा जमिनीपासून किती उंच? भरलेला डबा खांद्याच्या वर उचलून ओतायचा, दिवसात शंभर-दोनशे वेळा. हे काम करणाऱ्यांत बायका कितीतरी आहेत. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य २००८ पासून दारोदार कचरा घेतात, ढकलगाडीवर. ढकलगाडी कंबरेएवढी असते, अरुंद बोळात जाते, तिला डिझेल लागत नाही. तिचं चाक बदललं, बेअरिंग सुधारलं, चढावर धरून ठेवणारा साधा ब्रेक दिला तर किती जणींची पाठ वाचेल. फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना? गेल्या वर्षीचा ‘स्मार्ट डस्टबिन’ परत करण्यापेक्षा हा करा. सेन्सरवर झाकण उघडणारे डबे महाराष्ट्रातल्या लॅबमध्ये पुरेसे धूळ खात पडलेत.

धंदा म्हणून उतरायचं असेल तर एक कडू गोष्टही सांगायला हवी. इथे गिऱ्हाईक सरकार आहे. सगळ्यात कमी भाव त्याला काम, त्यामुळे पत्रा पातळ करायचा मोह. वर बिल अडकतं. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं. पण एखाद्या वर्कशॉपवाल्यासोबत चहा प्या आणि हळूच विचारा, मागचं बिल कधी निघालं? तो आधी हसेल. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जातो. म्हणून नव्या मुलांनी गाडी बनवण्यापेक्षा देखभालीचं काम आधी धरावं असं माझं मत आहे. दहा गावांच्या बंद गाड्या, तीनचाक्या चालू करून द्यायच्या, वर्षाच्या कराराने सांभाळायच्या. भांडवल कमी, शिकायला जास्त, आणि कुठली गाडी का बंद पडते हे एकदा हातांनी कळलं की स्वतःचं डिझाइन आपोआप सुचायला लागतं.

तोवर एक काम

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार आहातच. जाताना एक ताणकाटा न्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. वीस घरं निवडा. त्यात दोन दुकानं, एक हॉटेल आणि शाळा नक्की घ्या. प्रत्येकाला दोन गोण्या द्या, एक सुक्याला, एक ‘नको तसल्या’ मालाला, म्हणजे काच, डायपर, औषधं. सात दिवस रोज एकाच वेळेला वजन करून वहीत लिहा. गोणी किती भरली तेही लिहा, वजनाइतकाच आकार महत्त्वाचा आहे. ओल्याचं काय होतं ते फक्त विचारा आणि नोंदवा, कोण म्हशीला घालतं, कोण नाल्यात टाकतं. पहिल्या दिवशी लोक हसतील. तिसऱ्या दिवशी ‘आमच्या शेजारच्यांचा किती भरला?’ असं विचारायला लागतील. लग्नाचा सीझन आणि पावसाळा यांत आकडे बदलतात, तेव्हा जमलं तर तेव्हाही एकेक आठवडा काढा.

मग ती वही घेऊन ग्रामसभेत जा. गाडीचा विषय निघेलच. पहिला आकडा तुमचा असू दे.